माहूरच्या डोंगरावरचा ठिपका

दिगू,

तुझ्या शोकसभेत कॉलेजातले एक सर म्हणाले, "दिगंबर सर म्हणजे डोंगरातला माणूस. चुकून लातुरात नोकरीला लागला." सगळ्यांनी माना हलवल्या. मी मागं, बायकांच्या शेवटच्या ओळीत बसले होते. मला हसू आलं म्हणून पदर तोंडावर घेतला. शेजारच्या बाईंना वाटलं, रडतेय. त्यांनी पाठीवरून हात फिरवला. मी फिरवू दिला.

डोंगरातला माणूस म्हणे. जळवांच्या भीतीनं एकावर एक दोन मोजे घालणारा आणि त्यांत तंबाखूची पूड भरणारा तू. सह्याद्रीच्या घाटात गेलास की मुक्कामाच्या घराच्या ओसरीवर बसायचास आणि गावातल्या माणसांना रानात पाठवायचास. ती माणसं पावसात भिजून हुबेहूब काडीसारखे दिसणारे काडीकिडे धरून आणायची. तू ते डब्यात घालायचास आणि चिठ्ठीवर 'शोधणारा' असं लिहून पुढं स्वतःचं नाव घालायचास. हे मला दुसऱ्या कुणी सांगितलेलं नाही. तूच जेवताना सांगायचास, आणि फार हुशारी केल्यासारखं सांगायचास.

आणि तुला काडीकिडा दिसायचाच नाही. रानातला सोड, घरच्या पिंजऱ्यातलाही नाही. लाकडी चौकटीला मच्छरदाणीचं कापड ठोकून केलेले ते पिंजरे, आत पाण्याच्या बाटलीत खोवलेल्या जांबाच्या, तुझ्या भाषेत पेरूच्या, डहाळ्या. हातभर अंतरावरून तू ओरडायचास, "अक्का, चौदा होते, तेराच कसे?" मी तव्यावरची भाकरी उतरवून यायची आणि बोट दाखवायची. तो देठाला लागून, पुढचे पाय ताणून, देठच होऊन बसलेला असायचा. तू चष्मा कपाळावर चढवून म्हणायचास, "आत्ताच हलला असंल." तो सकाळपासून तिथंच होता.

तू असताना हे बोलायची सोय नव्हती. माझं दुसरं वाक्य संपायच्या आत तुझं "बरं" यायचं. बाहेरच्या माणसांपुढं तर माझं तोंडच उघडत नाही, हे तुला लहानपणापासून माहीत होतं आणि तुला ते सोयीचंच पडलं. तुझ्या एका वहीची मागची पानं कोरी निघाली. त्यांवर लिहितेय.

पुण्याचे ते मोठे पाहुणे आले होते, आठवतं? मी पिंजऱ्याच्या तळाचा कचरा चाळत बसले होते. काडीकिड्यांची अंडी बीसारखी दिसतात, राजगिऱ्यापेक्षा थोडी मोठी, वर एक टोपी. विष्ठेतून ती वेगळी काढायची म्हणजे चहाची गाळणी आणि डोळे लागतात. पाहुण्यांनी विचारलं, या कोण? तू म्हणालास, "घरचं बघतात त्या." बहीण म्हणाला नाहीस. आणि मला कधी नव्हे ते अहो-जाहो केलंस. मी चहा ठेवून आत गेले. चहात आलं घातलं नव्हतं. मुद्दाम नव्हतं घातलं.

तू झालास म्हणून माझी शाळा चौथीत सुटली. आई मुखेडकडच्या शेतांत रोजानं जायची आणि तू माझ्या कडेवर असायचास. ते मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. माझी चौथी मात्र तू मला दर आठवड्याला ऐकवलीस. मीठ जास्त पडलं तरी चौथी. फोनचं बटण चुकलं तरी चौथी.

एक गोष्ट तुझ्या बाजूनं लिहायला हवी, नाहीतर हे खोटं होईल. माझा नवरा गेल्यावर सासरच्यांनी मला पिशवी भरून मोटारीत बसवलं, तेव्हा तू लातूरच्या स्टँडवर आलास आणि एकही प्रश्न विचारला नाहीस. पिशवी घेतलीस, पुढं चालायला लागलास. घरी आल्यावर म्हणालास, "ही खोली तुझी. खिडकीपाशी किडे हायत, भिऊ नको." त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या सकाळी तू मला हाताला धरून उठवलंस. एक अंडं उकललं होतं. त्याची टोपी बाजूला पडली होती आणि आतून एक दोरा बाहेर येत होता. दोऱ्याला एक पाय फुटला, मग दुसरा. एवढं लांब जनावर एवढ्याशा दाण्यात कसं मावलं होतं ते मला अजून कळलेलं नाही. तू कुजबुजत होतास, जसं देवळात बोलतात. नवरा गेल्यापासून त्या सकाळी मला पहिल्यांदा चांगलं वाटलं.

मी विचारलं, "ह्याचा बाप कोणता?"

तू म्हणालास, "ह्यांच्यात बाप नसतो, अक्का. ह्या जातीत सगळ्या बायाच. नराशिवाय अंडी घालतात."

"मंग शहाण्या हायत," मी म्हणाले. तू हसलास तो हातातला चहा सांडेपर्यंत. आपण दोघं एवढे त्यानंतर हसलो नाही.

त्याच जातीमुळं हे सगळं पुढं झालं. घाटातल्या दाट, ओल्या रानातली ती हिरवी जात. पुढच्या पायांच्या बुडाला लाल असतं म्हणून मी तिला कुंकवाली म्हणायची. तू एक लांबलचक इंग्रजी नाव घ्यायचास. भिंतीवर तुझा नकाशा होता. कोणत्या डोंगराच्या रानात कोणती जात सापडते त्याचे रंगीत ठिपके. कुंकवालीचे सगळे ठिपके डाव्या बाजूला, समुद्राकडच्या डोंगरांवर. आपल्याकडं एकही नाही. आपलं रान कोरडं, सागाचं. इथं ती जगायची नाही, असं तूच म्हणायचास.

चाळून उरलेला कचरा मी अंगणातल्या जांबाच्या बुडाशी टाकायची. चाळताना पाच-दहा अंडी निसटतातच, मला ठाऊक होतं. मी तुला सांगितलंही होतं. तू "बरं" म्हणालास.

आणि माझा घट. घटाला आपल्या शेतातली माती लागते. आपल्याला शेत कधीच नव्हतं, आई लोकांच्या बांधावरची माती मागून आणायची. मी ठरवलं, आता आपलं अंगण आहे, तीच आपली माती. दर नवरात्रात जांबाखालची काळी, खतावलेली माती घ्यायची, पत्रावळीवर पसरून त्यात धान्य पेरायची. घट असा उगवायचा की शेजारणी बघायला यायच्या. तू तिकडून जाताना म्हणायचास, "देवी मातीत बसत नसते, अक्का, अंधश्रद्धा हाय ही." मी म्हणायची, "तुझे किडे नराबिगर व्यालेले चालतात, माझी देवी मातीत बसलेली चालत न्हाई व्हय?"  हे भांडण तू अर्धंच सोडून गेलास.

आपल्या घरची रीत, घट उठला की उगवलेलं धन आणि मातीची पत्रावळ नदीत सोडायची नाही. कोजागिरीला माहूरला न्यायची आणि रेणुकामातेचं दर्शन घेऊन उतरताना डोंगरावर झाडाच्या बुडाशी ठेवायची. आईनं हेच केलं, मी हेच केलं. तीच जागा, दर वर्षी. पायऱ्यांपासून थोडं आत, एका मोठ्या दगडाच्या मागं, जिथं लोकांनी खाऊन टाकलेल्या जांबाच्या बियांतून झुडपं उगवली आहेत.

तीन कोजागिऱ्यांपूर्वी तुला सुट्टी होती म्हणून तू बरोबर आलास. वर चढताना तीनदा बसलास. उतरताना मी माती ठेवायला वाकले आणि जांबाच्या डहाळीवर मला कुंकवाली दिसली. तुला अर्थातच दिसली नाही. मी बोट लावून दाखवली.

तू गुडघ्यावर बसलास.  "अक्का, ही इथं? माहूरला?"

मी म्हणाले, "ही आपलीच हाय की. आपल्या मातीतून आली."

"गप."

"अरं, मी दर साली हितंच माती टाकते. जांबाखालची."

"अक्का, तुला काय कळतंय त्यातलं? चौथी शिकलेलीस. गप बस म्हणलं ना."

मी गप बसले. ती माझी चूक, ती मी तुझ्यावर ढकलत नाही.

नकाशावर उजवीकडं एकटा ठिपका पडला. तू त्यावर निबंध लिहिलास, तिकडं दूरच्या शहरांतल्या सभांत वाचलास. घाटातली जात माहूरच्या डोंगरात सापडली, म्हणजे एके काळी मधलं सगळं रान सलग असलं पाहिजे. कॉलेजनं शाल दिली, नारळ दिला. ती शाल तू उन्हाळ्यातसुद्धा खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवायचास, येणाऱ्याला दिसावी म्हणून.

इथपर्यंत मी तुला माफ केलं असतं. मला वाटायचं, तुला खरंच पटलेलं नाही. शिकलेल्या माणसाला चौथीवालीचं कसं पटावं? पण पुढच्या नवरात्राच्या आधी तू ऑटोतून एक गोणी उतरवलीस. आयुष्यात कधी घटाला फुलाची पाकळी न आणणारा तू. गोणीत काळी माती होती. माझ्याकडं न बघता म्हणालास, "यंदा घटाला ही माती घे. अंगणातली नको."  तू शर्टाची बाही झटकत आत गेलास.

त्या दिवशी मला तुझी किळस आली, दिगू. चुकलेल्या माणसाची येत नाही. तुला सगळं कळलं होतं. माझा शब्द खरा, हे तुला कळलं होतं, आणि तू त्याची गोणी बांधून माझ्यापुढं टाकलीस.

त्यानंतर दोन महिन्यांनी प्रतीक्षा आली. चाकूरची पोरगी, अंगानं काटकुळी, डोळे तेज. तुझ्या हाताखाली शोधाचं काम करायला लागली. तिला तू काय काम दिलंस? घाट आणि माहूर यांच्या मधल्या डोंगरांत कुंकवाली शोधायची. मधले ठिपके भरायचे. जे नाही ते शोधायला तू पोरीला पाठवलंस. पहिल्या पावसाळ्यात ती बालाघाटाच्या रांगा पालथ्या घालून आली, हात काट्यांनी फाटलेले. दुसऱ्या पावसाळ्यात आली ती तापानं फणफणून. मी तिला पेज करून दिली. तू खुर्चीत बसून तिला म्हणालास, "डोळे उघडे ठेवून बघत जा. नजर तयार व्हायला लागते."

नजर. तू म्हणालास.

तिनं मान खाली घातली. "चुकलं सर, परत बघते." मी पेजेची वाटी धरून दारात उभी होते. तेव्हासुद्धा मी बोलले नाही, आणि तुला खात्री होती की मी बोलणार नाही.

मग तू श्रावणात गेलास, आणि मला दोन दिवस नुसतं वाटत राहिलं की तू किड्यांच्या डब्यांच्या खोलीत आहेस. तिसऱ्या दिवशी मी पिंजऱ्यातले किडे मोजले. चौदा भरले. कुणाला सांगावं म्हणून मागं वळले तर खुर्चीवर शाल. खुर्चीशी भांडता येत नाही. मी शाल घडी करून पेटीत टाकली.

तेराव्यानंतर प्रतीक्षा तुझ्या वह्या न्यायला आली. तुझ्या फोटोला हात जोडले आणि म्हणाली, "अक्का, सरांचं काम मी पुरं करणार. अजून एक पावसाळा देते. घरचे लग्नाचं बघून राहिलेत, पण मी थांबा म्हणून सांगितलंय."

माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो खाली ठेवायला मला वेळ लागला. मी म्हणाले, "बस. मला काही सांगायचंय." तिनं आधी मला एवढं बोलताना ऐकलंच नव्हतं, ती लगेच बसली.

मी तिला माती सांगितली. घट सांगितला, दगडामागची जागा सांगितली. गोणी सांगितली नाही. तुझ्या फोटोवरचा हार अजून ओला होता आणि ती पोरगी तुला देव मानते. जीभ उचलली नाही.  मग ती एवढंच म्हणाली, "मला ती जागा दाखवता?"

भाद्रपदात आम्ही दोघी एसटीनं माहूरला गेलो. मी पुढं चालले, ती मागं. जांबाची झुडपं आता माझ्या खांद्याएवढी आहेत. तिला तिथं काही दिसेना. मी एक दाखवली, मग दुसरी, मग एक लहान पिल्लू. चौथी तिनं स्वतः शोधली आणि माझ्याकडं बघून हसली. नजर तिची चांगली आहे, दिगू. जिथं असतं तिथं तिला दिसतं.

तिनं एक डबीत घातली आणि दगडावर बसून चिठ्ठी लिहायला घेतली. लिहिता लिहिता मला समजावत म्हणाली, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका, अक्का. तुम्ही आपलं भक्तीनं केलं, तुम्हाला काय कल्पना. सरांना तरी कुठं माहीत होतं. कळलं असतं तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी चूक कबूल केली असती. तसे होते ते."

ती प्रेमानं बोलत होती. तुझ्यापेक्षा किती तरी प्रेमानं. पण त्यातून पुन्हा तेच निघालं, की अडाणी बाईनं घोळ केला आणि शिकलेला माणूस बिचारा फसला. मी उतरणीकडं बघत होते. बाया खाली परड्या घेऊन चालल्या होत्या. मला वाटलं, हे एवढं पदरात घेऊन घरी जावं, तू आता नाहीस, कुणाचं काय जातं? आणि मग तिचे हात दिसले. कोपरापर्यंत काट्यांचे जुने वण.

"कल्पना होती मला," मी म्हणाले. "त्यालाबी होती. मी हितंच, ह्या दगडापाशी, त्याच दिवशी सांगितलं होतं त्याला. मंग त्यानं घटासाठी मातीची गोणी आणून दिली. अंगणातली घेऊ नको म्हणाला. तू त्याच्यानंतर आलीस."

तिचं लिहिणं थांबलं. पेन तसंच धरलेलं होतं.

"त्याच्यानंतर?"

"दोन महिन्यांनी."

"म्हणजे मला धाडलं तेव्हा त्यांना माहीत होतं?"

"हाव."

ती रडली नाही. तिनं विचारलं, "दोन्ही पावसाळे?" मी परत हाव म्हणाले. वरून देवळातल्या घंटेचा आवाज येत होता. तिनं डबी उचलून डोळ्यांपुढं धरली, आत कुंकवाली आपली पुढचे पाय ताणून काडी होऊन बसलेली.

मला वाटलं होतं, हे बोलल्यावर मला हलकं वाटेल, किंवा तुझी कीव येईल. दोन्ही झालं नाही. मला तुझा रागच होता, आणि तो जागच्या जागी होता. तुला खोटं पाडताना मला लाज वाटेल असं वाटायचं, तीही वाटली नाही. एवढंच वाटलं की हे तू करायचं होतंस. तुझ्या तोंडून दोन वाक्यांचं काम होतं. मला माहूरचा डोंगर चढावा लागला.

प्रतीक्षानं डोळ्यांवरून बाही फिरवली आणि चिठ्ठी पुरी केली. मग मला वाचून दाखवली, तू कधीच दाखवली नव्हतीस. जातीचं नाव. जागा, माहूर. पुढं, मूळची इथली नाही, घटाच्या मातीतून माणसाच्या हातानं आलेली. शोधणारी म्हणून माझं नाव.

"बरोबर हाय ना, अक्का?"

"दिगंबरला ठाऊक होतं, ते कुठं लिहिलंस?"

तिनं चिठ्ठी माझ्यापुढं धरली. बोटाच्या पेराएवढी, सगळी भरलेली. "ह्यात जागाच उरली नाही."

"मंग मागच्या बाजूला लिही," मी म्हणाले, आणि तिचं लिहून होईपर्यंत डबी धरून उभी राहिले.